मुलांच्या टेक्नॉलॉजी कोर्सच्या नावावर माझ्या नवऱ्याच्या नावाने कर्ज काढलं गेलं

आठवी-नववीच्या मुलांना 'कोडिंग, ॲप डेव्हलपमेंट आणि एआय'ची ओळख करून देणारा कोर्स कुणी घरी येऊन विकत असेल, तर सही किंवा ओटीपी देण्याआधी हे वाचा. आम्ही सांगली जिल्ह्यातले. नवऱ्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, मी घरी शिवणकाम करते. थोरली नववीत, राज्य मंडळाच्या मराठी शाळेत. गेल्या वर्षी आमची ४२,००० रुपयांची फसवणूक झाली आणि ती ठरवून केलेली होती. कशी केली, तेवढंच सांगते.

सुरुवात शाळेतून झाली. हॉलमध्ये मोफत सेमिनार, मग 'करिअर ॲप्टिट्यूड टेस्ट'. टेस्टच्या कागदावर मुलांकडून पालकांचा मोबाईल नंबर, व्यवसाय आणि घरचं महिन्याचं उत्पन्नही भरून घेतलं. गणिताची चार कोडी सोडवायला घरचं उत्पन्न कशाला लागतं? ते लागतं विकणाऱ्याला, हप्ता किती झेपेल याचा अंदाज घ्यायला. पुढे रिपोर्ट आले, रंगीत, मुलीच्या नावाचे. 'तार्किक क्षमता असामान्य, लगेच मार्गदर्शन आवश्यक.' नंतर मी तिच्या मैत्रिणींच्या आयांना विचारलं. सगळ्यांच्या रिपोर्टात शब्दन् शब्द तोच, वरचं नाव तेवढं वेगळं.

शाळेतून आलेली गोष्ट म्हटल्यावर आईबाप विश्वास ठेवतात. ठेवणारच. म्हणून मुख्याध्यापकांनाही हात जोडून सांगते, बाहेरच्या कंपनीला हॉल देताना मुलांची माहिती देऊ नका.

रविवारी दुपारी एक मुलगा घरी आला. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, अतिशय नम्र. आल्या आल्या सासूबाईंच्या पाया पडला. म्हणाला, "ताई, नवीन शैक्षणिक धोरणात कोडिंग सक्तीचं झालंय. आता नाही शिकली तर दहावीनंतर मागे पडेल." २०२० च्या धोरणात इतकंच आहे की सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगशी संबंधित उपक्रम शाळांनी आणावेत. बाहेरचा क्लास लावा असं त्यात कुठेही नाही. 'आयआयटीचं सर्टिफिकेट मिळेल' असंही तो म्हणाला. प्रत्यक्षात अभ्यासक्रम 'आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी' बनवलाय असं पत्रकात बारीक अक्षरात होतं. ही दोन वाक्यं किती वेगळी आहेत ते सर्टिफिकेट हातात पडल्यावरच कळतं.

आता मुख्य गोष्ट. ६,००० रुपये आधी भरायचे आणि पुढे दरमहा २,००० प्रमाणे अठरा हप्ते. नवऱ्याने स्पष्ट विचारलं, "हे कर्ज आहे का?" तो म्हणाला, "नाही हो दादा, आमच्याच कंपनीची हप्त्यांची सोय आहे. मधेच बंद करायचं झालं तर पुढचे हप्ते थांबतात." मग त्याने नवऱ्याचा फोन हातात घेतला. आधार, पॅन, पासबुकाचा फोटो. "कॅमेऱ्याकडे बघा, जरा मान हलवा. आता एक ओटीपी येईल, ॲडमिशन कन्फर्म करायचा आहे." असे तीनचार ओटीपी आले. त्यातला एक एका फायनान्स कंपनीच्या कर्ज कराराचा होता आणि एक खात्यातून आपोआप हप्ता कापून घेण्याच्या परवानगीचा, हे आम्हाला पहिला हप्ता कापल्याच्या मेसेजवरून कळलं. मेसेजमध्ये क्लासचं नाव नव्हतंच, भलत्याच कंपनीचं होतं. पानंच्या पानं इंग्रजी करार त्याने बोटाने सर्रकन वर सरकवून 'आय ॲग्री' दाबला होता.

याचा अर्थ समजून घ्या. क्लासवाल्यांना त्यांचे ३६,००० फायनान्स कंपनीकडून आधीच मिळालेले असतात. तुमचं देणं क्लासशी राहतच नाही. क्लास चांगला चालो की बंद पडो, हप्ता चालूच. शिकवायची निकड त्यांना उरत नाही.

आणि तसंच झालं. डेमोला एक बाई होत्या, फार छान शिकवायच्या. त्या परत कधी दिसल्या नाहीत. पहिले काही आठवडे लाइव्ह क्लास, दर वेळी नवा शिक्षक. मग दोन बॅच एकत्र केल्या. मग लाइव्ह बंद झाले आणि 'स्वतःच्या वेगाने शिका' म्हणून व्हिडिओची लिंक आली.

त्या काळात मुलीने एक गेम बनवला, असं आम्हाला सांगण्यात आलं. कंपनीने तिला 'यंग क्रिएटर' ट्रॉफीचा फोटो पाठवला, आम्ही तो नातेवाइकांना पाठवला. गेम स्क्रॅचवर होता. स्क्रॅच ही अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलेली, मुलांना कोडिंग शिकायची संपूर्ण मोफत वेबसाइट. तिथे दुसऱ्याचा प्रोजेक्ट 'रीमिक्स' केला, म्हणजे त्याची नक्कल घेऊन बदल केले, की मूळ करणाऱ्याचे आभार पानावर आपोआप छापले जातात. माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे, त्याने ते पान उघडलं आणि ती ओळ दाखवली. गेम कुण्या अनोळखी मुलाचा होता. माझ्या मुलीला शिक्षकांनी मांजराचा रंग आणि सुरुवातीच्या स्क्रीनवरचं नाव बदलायला लावलं होतं. ती रडली. "मला वाटलं मला येतंय," म्हणाली. पैशापेक्षा मला हे जास्त लागलं. मुलीला खरंच आवड आहे, आणि त्या आवडीचाच त्यांनी धंदा केला.

रिफंड मागितला तर उत्तर आलं, पैसे भरल्यापासून पंधरा दिवसांत मागायला हवा होता. पहिला वर्गच त्यांनी ती मुदत उलटल्यावर ठेवला होता. फायनान्स कंपनी म्हणाली, "आम्ही पैसे दिलेत, तुमचा वाद त्यांच्याशी." हप्ता एकदम बंद करावा असं वाटतं, पण चेक बाउन्ससारखे दंड लागतात आणि सिबिलची नोंद खराब होते. दुकानाला उद्या कर्ज लागलं तर काय, म्हणून आम्ही कर्जाचा निकाल लागेपर्यंत हप्ते भरत राहिलो आणि दुसऱ्या बाजूने लढलो.

लढताना जे कळलं ते तुमच्या उपयोगाचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्ज देताना कर्जदाराला आधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं. कर्ज कोण देतंय, एकूण खर्च किती, सगळं त्यात असतं. त्यातच 'कूलिंग ऑफ' मुदतही लिहिलेली असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज-शुल्क भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येतं. आम्हाला हे पत्रक मिळालंच नव्हतं. नवऱ्याने हाच मुद्दा फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने लेखी कळवला. तीस दिवसांत समाधान झालं नाही, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे त्यांच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार केली. वकील लागत नाही, फी नाही. त्यानंतर महिन्याभरात फायनान्स कंपनीने उरलेले हप्ते रद्द करून कर्ज बंद झाल्याचं पत्र दिलं.

क्लासवाल्यांची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर केली, नंबर १९१५. मराठीतही बोलता येतं. तिथून पत्र गेल्यावर त्यांनी पैशाऐवजी 'दुसरा कोर्स मोफत' देऊ केला. आम्ही नाही म्हटलं आणि जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस बंगळुरूत असो की गुरुग्राममध्ये, आपल्याला तिकडे जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. भरलेल्या पैशांचा दावा तिथे चालू आहे.

यातलं काही नवीन नाही, याचाच संताप येतो. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सावध केलं होतं, की काही एड-टेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्या मोफत सेवेच्या आमिषाने खात्यातून पैसे कापायची परवानगी घेतात आणि दुर्बल कुटुंबांना हेरतात. ती सूचना आमच्या शाळेच्या फळ्यावर कधी लागली नाही. सेमिनारचं पोस्टर मात्र महिनाभर होतं.

मुलगी आता भाच्याकडून शिकते. स्क्रॅच झालं, पायथन ही कोडिंगची भाषा चालू आहे, दोन्हीला एक रुपया लागला नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडेही मोफत आहेत आणि बऱ्याच धड्यांना मराठी निवेदन आहे. जवळच्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून शिकायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर तिथेही चौकशी करा.

ज्यांचे हप्ते सध्या कापले जात आहेत त्यांनी आज एवढं करा. बँकेत जाऊन आपल्या खात्यावर कोणकोणत्या ऑटो-डेबिटच्या परवानग्या चालू आहेत त्याची यादी मागा. विकणाऱ्याशी झालेलं व्हॉट्सॲपचं बोलणं एक्स्पोर्ट करून ठेवा, कारण आमच्याकडे आलेल्या मुलाने नंतर स्वतःचे मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' केले. भाच्याने आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. 'कर्ज नाही, हप्त्यांची सोय आहे' हे त्याचं लेखी वाक्य आयोगातल्या आमच्या कागदांत पहिल्या पानावर आहे.