स्क्रँटनला गेलात तर आधी खाण, इंजिनं नंतर

न्यू जर्सीतले आपले लोक पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोच्या डोंगरात सारखे जातात पण तिथून पाऊण तासावर स्क्रँटन हे जुनं कोळशाचं शहर आहे तिकडे फारसं कोणी वळत नाही, आणि वळलंच तर स्टीमटाउन या रेल्वे म्युझियमला वाफेच्या इंजिनासमोर पोरांचे फोटो काढले की झालं. माझं ऐका, मॅकडेड पार्कमधली लॅकवाना कोल माइन टूर आधी करा.

डब्यात बसवून 300 फूट खाली उतरवतात, खाली बारा महिने 12 डिग्री सेल्सियसच्या आसपास, त्यामुळे जुलैतही जॅकेट हवंच. खाण 1860 ची, 1966 ला बंद पडली आणि 1985 पासून टूर चालते. आमचा गाइड खाणकामगाराच्या घरातला, पाठ केलेलं बोलत नव्हता. जिथे आपल्याला धड बसता येणार नाही अशा फटीत माणसं कुशीवर पडून कोळसा फोडायची, आणि खेचरांची गाडी आली की खाणीतली हवा अडवणारं दार उघडायला अंधारात एक पोरगं बसवलेलं असायचं, शाळेत जायच्या वयाचं. हे ऐकून आमची मुलं पहिल्यांदाच गप्प झाली.

मी चंद्रपूरकडची, कोळसा म्हटलं की हात काळे हेच डोक्यात, पण इथला अँथ्रासाइट जातीचा कोळसा कडक, काचेसारखा चकचकीत आणि जळताना धूर जवळपास नाहीच. लॅकवाना रेल्वेने त्यावर जाहिरातच काढली होती, फीबी स्नो नावाची पांढऱ्या ड्रेसमधली बाई, आमच्या गाडीत कपडे काळे होत नाहीत म्हणे! खाली माणसं खपतायत आणि वर ही पांढरीशुभ्र, जाहिरातवाले तेव्हाही तसलेच.

शहरातच आयर्न फर्नेसेस आहेत, म्हणजे लोखंड बनवायच्या 1848 ते 1857 मधल्या चार दगडी भट्ट्या, उघड्यावर, तिकीट नाही. बोर्ड वाचा, नाहीतर नुसत्या कमानी बघून परत याल. इथल्या कंपनीने ईरी रेल्वेला रूळ करून दिले, तोवर अमेरिकेत रूळ मुख्यतः इंग्लंडहून यायचे. 1902 ला कंपनी बफेलोकडे निघून गेली, भट्ट्या राहिल्या. अर्धा तास पुरे.

स्टीमटाउन जुन्या रेल्वे यार्डातच आहे, राउंडहाऊस (इंजिनं ठेवायची गोल शेड), टर्नटेबल (इंजिन फिरवायची चकती) सगळं जागेवर. 1941 चं बिग बॉय 4012 हे वाफेचं अवाढव्य इंजिन बघाच, 132 फूट लांब, अशी एकूण 25 बनली त्यातली 8 उरलीत, चाकाशेजारी उभं राहिलं की आपण किती बुटके ते कळतं. गाडीची राइड रोज नसते, आधी वेबसाइट बघा.

जेवायला जवळच ओल्ड फोर्जला चौकोनी पिझ्झा, तिथे अख्ख्याला ट्रे म्हणतात, व्हेजवाल्यांची सोय होते.

खाण हिवाळ्यात बंद असते. स्ट्रोलर नेऊ नका. बंद जागेत घुसमटणाऱ्यांनी खाली उतरूच नये, शेजारचं अँथ्रासाइट हेरिटेज म्युझियम बघावं, तेही मस्त आहे.