मऊ पडलेलं ब्रेक पॅडल: मास्टर सिलिंडर बदलल्यानंतरचे आठ महिने

माझी पिकअप 2008 ची. पुढे डिस्क, मागे ड्रम. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे भरून लातूरला जायचं आणि येताना डाळीची पोती आणायची, हे तिचं काम. मार्चमध्ये ब्रेकचं काम केलं, आता नोव्हेंबर चालू आहे. मध्ये साधारण अकरा हजार किलोमीटर झाले, म्हणून आता खात्रीनं लिहितो.

त्रासाची सुरुवात तुळजापूरच्या घाटात झाली. भरलेली गाडी उतरताना पहिल्या दाबाला पॅडल अर्ध्याच्या खाली गेलं. लगेच दुसऱ्यांदा मारलं तर वर आलं आणि ब्रेक लागला. उरलेला घाट दुसऱ्या गिअरवर उतरलो, पण सोलापूर येईपर्यंत छातीतली धडधड गेली नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये ‘हवा धरलीय’ म्हणाले, म्हणजे ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरलीय. हेल्परनं पॅडल पार तळाला टेकेपर्यंत मारून चारही चाकांची हवा काढली, नवीन ऑइल भरलं. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी सिग्नलला पाय ठेवून उभा होतो, तर पॅडल सावकाश खाली सरकायला लागलं. हे आधी होत नव्हतं.

मग ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान्याला हात लावायच्या आधी मलाच विचारलं, “पॅडल स्पंजासारखं दबतंय, का खोल जाऊन कडक होतंय, का दाबून धरल्यावर हळूहळू बसतंय?” दहा वर्षं गाडी चालवूनही मी या तिन्हीला एकच नाव देत होतो, मऊ. स्पंजासारखं असेल तर लाइनमध्ये हवा किंवा फुगणारा होज पाईप. खोल जाऊन दुसऱ्या दाबाला वर येत असेल तर मागचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, ड्रमपासून लांब गेलेले. आणि दाबून धरल्यावर बसत असेल, बाहेर कुठं ओल नसेल, तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप, आतल्या आत प्रेशर सोडतोय. माझ्या गाडीला दुसरा आणि तिसरा, दोन्ही आजार होते. एकच शोधत बसलो असतो तर पुन्हा फसलो असतो.

चाकांच्या आतल्या बाजू कोरड्या, ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी जागेवर. तरी मिस्त्रींनी अंदाजावर काम केलं नाही. मास्टरचे दोन्ही पाईप सोडून तिथं बंद बोल्ट बसवले आणि मला पॅडल दाबायला लावलं. मास्टर चांगला असता तर पॅडल वरच दगडासारखं थांबलं असतं. ते बसतच गेलं.

खोलल्यावर जे दिसलं त्यासाठी हा सगळा अनुभव लिहितोय. रोजच्या ब्रेकला पिस्टन सिलिंडरचा ठरावीक भागच वापरतो. त्याच्या पुढचा भाग वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेत असल्यामुळं तिथं गंज धरतो. पॅडल तळापर्यंत मारून हवा काढली की रबरी वॉशर त्या खरबरीत भागावरून घासत जातो आणि फाटतो. माझ्या वॉशरची कड तशीच कातरलेली होती. जुन्या गाडीची हवा काढताना पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, कृपा करून ठेवा.

वॉशर किट स्वस्त पडलं असतं, पण खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नवीन रबर टिकत नाही. म्हणून पूर्ण मास्टर घेतला. गाडीला लावण्याआधी तो शिकंज्यात धरून ऑइल फिरवून त्याची हवा काढली. मागच्या चाकांचे ॲडजस्टर गंजून जाम झाले होते. ते सोडवून, हँडब्रेक आधी ढिला करून, लायनर ड्रमला जेमतेम घासतील इतके जवळ आणले. नुसत्या तेवढ्यानं पॅडल दोन बोटं वर आलं. मग सगळ्यात लांबच्या डाव्या मागच्या चाकापासून हवा काढली, तीही गाडी चाकांवर उभी ठेवून. मागे लोडप्रमाणे प्रेशर बदलणारा व्हॉल्व्ह आहे. ॲक्सल लोंबकळत असेल तर तो मागचा मार्ग आवळतो.

ब्रेक ऑइल डॉट 4 या प्रतीचं भरलं. नवं असताना ते किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शिरल्यावर हीच मर्यादा 155 पर्यंत येते. घाटात तापलेल्या ब्रेकला हा फरक कळतो. टाकीच्या झाकणावर डॉट 3 लिहिलेलं असलं तरी हे चालतं, डॉट 5 मात्र अजिबात घालू नका, ते सिलिकॉनचं असतं.

सोलापूरचा मे महिना यातून गेला, पॅडल होतं तिथंच राहिलं. नवरात्रात रात्री तुळजापूरहून येताना ज्योत घेऊन पळणारी पोरं रस्ताभर होती. एका वळणावर घोळका अचानक समोर आला, एकाच दाबात गाडी थांबली. त्या रात्री मिस्त्रींना मनातल्या मनात हात जोडले.

सगळंच संपलं असं नाही. पावसाळ्यात डावा मागचा ड्रम सकाळी पहिल्या दोन ब्रेकला चिकटायचा. पुढच्या होज पाईपना बारीक भेगा दिसल्या, ते सप्टेंबरमध्ये दोन्ही बदलले. अजूनही दर सोमवारी गाडी सुरू करून पॅडल दाबून अर्धा मिनिट धरतो. काल धरलं, सरकलं नाही.