गुआममध्ये तूर-फणसाची आमटी (डुकरासकट), अगातचं छोटं हॉटेल

बोट गुआमच्या (पॅसिफिकमधलं अमेरिकेचं बेट) आप्रा हार्बरला लागली तसा आमचा ऑइलर, म्हणजे इंजिनरूममधला खलाशी, म्हणाला, सेकंड सर चला, आज मेसमध्ये जेवायचं नाही. पोरगा फिलिपिन्समधल्या इलोइलोचा. टॅक्सीने अगातला नेलं, सहा टेबलांचं हॉटेल, बाहेरचा बोर्ड उन्हाने पार उडालेला. त्याने मला न विचारताच केबीएल मागवलं, म्हणजे कड्योस, बाबोय, लांका. वाडगा समोर आला आणि बघतो तर तूर, कच्चा फणस आणि डुकराचं मटण! रस्सा काळपट जांभळा, दिसायला काही खास नाही, पण आंबटपणा ओळखीचा वाटला म्हणून विचारलं तर म्हणे बातुआन, तिकडचं फळ, आपल्या कोकमाच्याच जातकुळीतलं. मी मालवणचा, मला अजून काय पाहिजे.

गुआममध्ये इलोइलोचं जेवण कसं काय, तर मालकीणबाईंचे आजोबा कॅम्प रोहासला, म्हणजे फिलिपिनो कामगारांच्या वसाहतीत, सुतार होते. जुलै १९४४ ला अमेरिकेने जपान्यांकडून बेट परत घेताना इतका तोफमारा केला की राजधानी हगात्न्या सपाट झाली, आणि मग नेव्हीला धक्के, रस्ते, बराकी सगळं एकदमच हवं होतं पण बेटावर तेवढे हात कुठले. म्हणून १९४६ पासून फिलिपिन्समधून माणसं आणली, अगातजवळच्या ह्या कॅम्पात बरेचसे इलोइलोकडचेच. शेजारी उभं राहून काम तेच, पगार मात्र अमेरिकनापेक्षा कितीतरी कमी, आणि बायकापोरं गावी. (कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत घरी पैसे पाठवायचे, हे आम्हा बोटीवाल्यांना कोणी समजावून सांगायला नको.) मग नोव्हेंबर १९६२ ला कॅरेन वादळाने बेट परत झोपवलं, परत फिलिपिनो कामगार आणले. काहीजण इथल्या मूळच्या चामोरो लोकांच्या पोरींशी लग्न करून राहिले ते राहिलेच, बाईंचे आजोबा त्यातलेच.

बरं, जेवणाचं. भात भरपूर, तोही चामोरो पद्धतीचा लाल. लुंपिया (फिलिपिनो स्प्रिंग रोल) तेलकट, नाही घेतली तरी चालेल. सर्व्हिस म्हणाल तर बाई एकट्याच, पाऊण तास धरून चला, बोट सुटायची घाई असेल तर जाऊच नका. आणि दर अमेरिकन आहेत, रुपयात हिशोब केलात तर घास उतरणार नाही.

मी एक पार्सल घेतलं, बाई म्हणाल्या उद्या जास्त छान लागेल. दुसऱ्या दिवशी वॉच (बोटीवरची ड्युटी) संपल्यावर गरम करून खाल्लं, खरंच मुरलं होतं, फक्त ऑइलरने अर्धं संपवलं.