नौपाड्यातला धंदेवाल्यांचा संध्याकाळचा वर्ग: पहिला रविवार सोडा, वही तपासणीसाठी जा

ठाण्यात छोट्या धंदेवाल्यांसाठी माइंडसेटचे, शिस्तीचे कोर्स आता गल्लोगल्ली निघालेत. त्यातला नौपाड्यातला हा सहा आठवड्यांचा वर्ग मी पूर्ण केला. कसा आहे असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय. फी नऊ हजार, जीएसटी वेगळा. आमचं वागळे इस्टेटला लेबल छपाईचं छोटं युनिट आहे, मी आणि माझे दीर मिळून बघतो, त्यामुळे माझी नजर कारखान्याची आहे, दुकानवाल्यांचं थोडं वेगळं असतं ते पुढे येईलच.

पहिला रविवार मला अजिबात पटला नाही. मोठ्या आवाजात गाणी, डोळे मिटून पाच वर्षांनंतरचा बंगला बघायचा, मग सगळ्यांनी उभं राहून घोषणा द्यायच्या, आणि वर पहाटे पाचला उठा म्हणून सल्ला. आमच्या बॅचमध्ये जांभळी नाक्याचे भाजीवाले काका होते, ते माल उचलायला रात्री अडीचलाच घराबाहेर पडतात, त्यांना लवकर उठायचं काय शिकवणार? कष्टाची शिस्त या माणसांना आहेच हो. अडतं ते रात्री हिशेबाला, दिवसभर एवढे पैसे हातातून गेले आणि राहिले किती ते सांगता येत नाही.

पण दुसऱ्या आठवड्यापासून ज्या मॅडम येतात त्यांच्यासाठी मी या वर्गाला मनापासून चांगलं म्हणेन. दर गुरुवारी आपली रोजची जमाखर्चाची वही घेऊन जायची, त्या प्रत्येकाशेजारी बसून पान न् पान बघतात. ओरडत नाहीत, फक्त विचारतात, हे मंगळवारचे चार हजार कुठे गेले दादा? आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. खरं सांगते, नऊ हजार याचेच आहेत. गुरुवारी कोणीतरी वही उघडणार हे माहीत असलं की बुधवारी रात्री कितीही दमलेला माणूस लिहायला बसतो, घरी एकट्याने ठरवलेलं चार दिवसांत सुटतं.

त्यांचा पहिला नियम म्हणजे मालकाने स्वतःचा पगार ठरवायचा. एक तारखेला तेवढेच पैसे घरच्या खात्यात टाकायचे, नंतर महिनाभर गल्ल्याला हात लावायचा नाही. कोपरीच्या एका फरसाणवाल्या दादांच्या काउंटरवरचा क्यूआर कोड त्यांच्या सेव्हिंग खात्याला जोडलेला होता, त्यातूनच बेसन-तेलाचं बिल, त्यातूनच मुलाची फी, त्यातूनच गावच्या लग्नाचा आहेर. धंद्याचं करंट खातं वेगळं काढून कोड तिकडे जोडला आणि काही आठवड्यांत त्यांना दिसलं की सगळ्यात जास्त खपणारी भाजणीची चकली ते जवळजवळ फुकट विकतायत, कारण तळणाऱ्या बायकांची मजुरी आणि गॅस भावात कधी धरलाच नव्हता. त्यांनी भाव वाढवला, गिऱ्हाईक तुटलं नाही.

दुसरं उधारीचं. आठवड्यातले दोन दिवस, सकाळी अकरा ते बारा फक्त वसुलीचे फोन, मूड असो नसो. आपल्याकडे पार्टी नाराज होईल या भीतीने माणूस फोनच टाळतो, मग वर्षअखेरीला रडतो. मॅडमनी इथे कायदाही नीट समजावला. २००६ च्या एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पेमेंट द्यावं लागतं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. त्यात १ एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियम आलाय, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर माल घेणाऱ्या पार्टीला तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. म्हणून बिलावर उद्यम नंबर, म्हणजे लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा नंबर, छापा. हे रजिस्ट्रेशन सरकारी पोर्टलवर फुकट होतं, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. फक्त नुसत्या खरेदी-विक्रीवाल्या ट्रेडर्सना याचा फायदा नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं ते बरं झालं, आमच्या बॅचमधले अर्धे तेच होते.

जीएसटीवर फार वेळ गेला नाही. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांनी ११ आणि २० या तारखा भिंतीवर लावा, उशिराचे दिवसाला ५० रुपये, एवढंच.

धंदा वाढवण्याचं सत्र मात्र छान होतं. एका ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना घोडबंदर रोडला दुसरं दुकान घ्यायचं होतं. हे सत्र घेणाऱ्या सरांनी त्यांना विचारलं, तुम्ही आठ दिवस गावाला गेलात तर पहिलं दुकान चालतं का? नाही चालत, कारण मापं, भाव, कुठल्या मास्टरला कुठलं काम द्यायचं, सगळं ताईंच्या डोक्यात. मग त्यांच्याकडून मापांची वही, भावाचा तक्ता आणि काम वाटपाची पद्धत लिहून घेतली, डिपॉझिट भरायचं तीन महिने पुढे ढकललं. असा थांबवणारा सल्ला या लाइनमध्ये कोणी देत नाही, मला त्याचं फार कौतुक वाटलं.

खटकणाऱ्या गोष्टी दोन. वेळ साडेसात ते नऊ, म्हणजे नेमकी गिऱ्हाइकीची, दुकानवाले अर्ध्यातून उठून जायचे. नौपाड्यातली बरीच दुकानं दुपारी बंद असतात, एक बॅच दुपारी ठेवली तर किती सोय होईल. आणि शेवटच्या दिवशी पाऊण लाख फीच्या पुढच्या कोर्ससाठी एकेकाला बाजूला घेऊन आग्रह करतात, आज भरले तरच सवलत म्हणतात. ज्या माणसाला सहा आठवडे गल्ल्याला हात लावू नको शिकवलं त्यालाच असं घाईत भरायला लावणं मला चुकीचं वाटलं, मी तोंडावर सांगितलं. तो कोर्स घेऊ नका, गरज नाही.

जाणार असाल तर फी भरण्याआधी वही तपासायला त्याच मॅडम असणार का ते विचारून घ्या आणि बॅच पंधराच्या वर असेल तर पुढच्या बॅचची वाट बघा, नाहीतर तुमच्या वाट्याला दोन मिनिटं येतील. मागच्या तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि कच्ची बिलं सोबत न्या. गाडी आणू नका, तिकडे पार्किंग मिळत नाही, स्टेशनवरून चालत जाता येतं.