अ‍ॅक्रिलिक रंग, ओली पॅलेट आणि एक वैमानिक: बेळगावच्या हवेत नऊ महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारीत बारा अ‍ॅक्रिलिक रंगांचा संच घेतला. ज्या पुतळ्यासाठी घेतला तो आज काचेच्या कपाटात उभा आहे. १/१६ प्रमाणातला, रेझिनचा (साच्यात ओतून घट्ट झालेल्या प्लास्टिकचा) ब्रिटिश हवाई दलाचा वैमानिक, १९४० सालचा, उंची जेमतेम ११ सेंटिमीटर. अंगात मेंढीच्या कातड्याचं अर्विन जॅकेट, त्यावर पिवळं लाइफ जॅकेट, हातात चामडी हेल्मेट. लहानपणी सांबऱ्याकडून, म्हणजे बेळगावच्या विमानतळाकडून, येताना विमान उतरताना दिसलं की माझी सायकल आपोआप थांबायची. पुढे विमानांची मॉडेलं पुष्कळ केली, माणूस मात्र पहिल्यांदाच रंगवला. विमानाचा पत्रा सगळीकडे एकसारखा असतो. इथे लोकर, चामडं, कापड आणि माणसाची त्वचा एका बोटाच्या अंतरात येतात, आणि चारही नजरेला वेगळी लागली पाहिजेत.

रेझिनचं काम थोडक्यात सांगतो. साच्याचं तेल सुट्या भागांवर राहिलेलं असतं, ते भांडी घासायच्या साबणाने धुतल्याशिवाय प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, धरत नाही. घासकाम पाण्यात आणि तोंडाला मास्क लावूनच करा, ती धूळ छातीत जाणं बरं नव्हे. दोन्ही हात मी तांब्याची तार घालून चिकटवले, अजून हललेले नाहीत.

आता रंग. ड्रॉपरच्या बाटल्या ही मोठी सोय, हवे तेवढेच थेंब निघतात आणि मिश्रणाचं प्रमाण वहीत लिहून ठेवता येतं. पाणी घालून रंग पातळ ताकाइतका करायचा आणि तीन-चार हात द्यायचे. एका हातात झाकायला गेलात तर जॅकेटची शिवण बुजली म्हणून समजा. रंग तळाशी बसतो, म्हणून ढवळायला मी पांढऱ्याच्या बाटलीत सायकलच्या बेअरिंगचा छर्रा टाकला होता. दोन महिन्यांनी पांढरा तांबूस निघाला, छर्रा गंजलेला. ती बाटली गेली. आता काचेचे मणी टाकतो.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी ठरली ती विकत न घेतलेली वस्तू, ओली पॅलेट. मिठाईचा चपटा प्लास्टिकचा डबा, त्यात भिजवलेला स्पंज, वर बटर पेपर. एप्रिलमध्ये साध्या बशीत रंगाचा थेंब पाच मिनिटांत साय धरायचा. या डब्यात झाकण लावून ठेवलेलं कातडीच्या रंगाचं मिश्रण दुसऱ्या दिवशीही वापरता आलं. जूनपासून मात्र उलटी गत. झड लागली की कागद इतका ओला होतो की रंग आपसूक पसरतो, आणि आठवडाभरात डब्याला कुबट वास येतो. पावसाळ्यात स्पंज पिळून घ्या. मी डब्यात सोललेल्या तांब्याच्या तारेचा तुकडाही टाकतो, तेव्हापासून वास बराच कमी आहे.

सर्वांत जास्त दिवस पिवळ्याने घेतले. त्या काळच्या वैमानिकांची जुनी लाइफ जॅकेटं मुळात खाकी-हिरवट कापडाची. समुद्रात पडलेला माणूस वरून दिसावा म्हणून बरेच वैमानिक ती पिवळ्या रंगाने रंगवून घेत. म्हणजे माझ्या पुतळ्यावरचा पिवळाही हाताने फासलेलाच हवा, कडेला खालचं खाकी डोकावणारा. पण पिवळा रंग झाकत नाही. राखाडी प्रायमरवर तो हिरवट दिसला, पांढऱ्यावर खेळण्यातला. शेवटी खाली मातकट बदामी हात दिला आणि त्यावर पाच पातळ हात. घडीतल्या सावलीसाठी काळा घातला तर पिवळा लगेच शेवाळी होतो, तिथे तपकिरीच हवा. हे मला यल्लम्माच्या डोंगरावरून आणलेल्या भंडाऱ्याच्या पिशवीवरून कळलं. घडीत भंडारा दाट बसला होता, तिथला पिवळा काळपट नव्हता, हळकुंडासारखा तांबूस होता.

चामड्यासाठी टेबलावर अथणीची जुनी चप्पल ठेवली होती. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर आपल्या बाजूचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार जिल्हेही आहेत. लोकांना ते ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं. त्या चपलेत पाहण्यासारखं पुष्कळ आहे. अंगठ्याखाली घामाने चामडं जवळजवळ काळं, कडेला घासून फिकं, आणि जिथे पट्टा वळतो तिथे बारीक आडव्या भेगा. अर्विन जॅकेटचा वरचा गडद थरही शिवणींवर आणि कोपरांवर असाच झिजतो. मी कडांवर फिका नारिंगी-तपकिरी स्पंजच्या तुकड्याने टिपला आणि कोपरावर तीन भेगा ब्रशच्या टोकाने ओढल्या. तेवढ्याने जॅकेट वापरातलं झालं. कॉलरच्या लोकरीला आधी मातकट हात, मग कोरड्या ब्रशने सायीचा रंग, आणि मानेला टेकणारा भाग मळका ठेवला.

डोळ्यांसाठी शहापुरात काकांच्या गणपतीच्या कारखान्यात गेलो. डोळ्यांची आखणी ते कुणाकडे देत नाहीत. पुतळ्याचं डोकं हातात धरून म्हणाले, "पांढरं कोरं ठेवू नको बाळा, जरा मळीव घे. आणि बुबुळ वरच्या पापणीला चिकटलं पाहिजे. सुटं राहिलं की मूर्ती दचकल्यासारखी बघते." गणपतीची आखणी ते सगळ्यात शेवटी करतात. या मापात मला उलटा क्रम सोयीचा पडला. डोळे आधी, मग भोवतीची त्वचा, म्हणजे बाहेर गेलेला रंग त्वचेने कापता येतो. तरी उजवा डोळा सहा वेळा पुसला. इथे ब्रशवर कंजूषी करू नका. बारीक ब्रशपेक्षा जरा जाड पण टोक धरणारा सेबल (प्राण्याच्या मऊ केसांचा) ब्रश हवा, पोटात रंग राहतो आणि टोकाला सुकत नाही. माझे दोन ब्रश नऊ महिन्यांनीही टोक धरून आहेत, रोज काम संपलं की साबणाने धुतो.

आणि वॉर्निश. जुलैत, बाहेर संततधार चालू असताना, मी घाई करून मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, वॉर्निशचा स्प्रे मारला. अर्ध्या तासात निळं-करडं पँटचं कापड, काळे बूट, सगळ्यावर पिठासारखी पांढरी झाक. दमट हवेत असं होतं, डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. रात्री झोप लागली नाही. दोन दिवसांनी ब्रशने चकाकीचं वॉर्निश दिलं तेव्हा बरीचशी झाक विरली, बुटांवरची मात्र राहिली, ते पुन्हा रंगवले. शेवटचा मॅट हात दसऱ्यानंतर, कोरड्या दुपारी, ब्रशनेच दिला. बेळगावात जून ते सप्टेंबर स्प्रेला हात लावू नका.

संच पुन्हा घेईन का? रंग घेईन, पण सुटे. बारातल्या चार बाटल्या उघडल्याही नाहीत, आणि निळा-करडा गणवेश संचात नव्हताच, तो तीन रंग मिसळून करावा लागला. त्यात थोडा पांढरा जास्तच घातला, कारण एवढ्या लहान मापात खरा रंग नुसता काळा दिसतो.

आता तोच पुतळा दुसऱ्यांदा मागवला आहे. १९४० साली हिंदुस्थानातून २४ वैमानिक ब्रिटनला गेले, त्यांत महिंदरसिंग पुज्जी होते. ते पगडी बांधून हरिकेन उडवत. दोन भागांची एपॉक्सी पुटी मळून तिच्या पातळ पट्ट्या मी डोक्यावर एकावर एक बसवतो आहे. काल चौथा पदर बसला. कानाजवळचा पीळ अजून जमत नाही, म्हणून रविवारी फेटा बांधणाऱ्या शेजारच्या आजोबांकडे जाणार आहे, त्यांचे हात पाहायला.