‘क्रुएल्टी’ची नोंद उघडून पारखलेली ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी

शब्दकोश पारखायचा तर अर्थ आधीच माहीत असलेला शब्द उघडावा. ‘क्रुएल्टी’ म्हणजे क्रूरता, हे शाळेतच कळतं. गडबड होते ती तो वाक्यात घालताना, आणि ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीची फुकट ऑनलाइन आवृत्ती नेमकी तिथे कामाला येते.

मराठीत अत्याचार प्राण्यां‘वर’ होतात, म्हणून आपल्याकडून सर्रास ‘क्रुएल्टी ऑन अ‍ॅनिमल्स’ लिहिलं जातं. ते चूक. कोशात शब्दाला जोडूनच ‘टू’ दिलंय: ‘क्रुएल्टी टू अ‍ॅनिमल्स’. ‘इन्फ्लिक्ट’ हे क्रियापद असेल तर ‘ऑन’ चालतं, कारण ते त्या क्रियापदाचं असतं, नामाचं नाही. ‘ऑफ’नंतर बहुधा क्रौर्य करणारा येतो, सोसणारा नव्हे, इथे चुकलं तर वाक्याचा अर्थच उलटतो. हॉर्नबी आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवता शिकवता हा कोश रचला, १९४२ मध्ये तो टोकियोत निघाला. परभाषक कुठे अडखळतो याची जाण तिथूनच आली असावी.

वृत्ती किंवा वागणूक म्हणायची असेल तर शब्द अगणनीय. एकेक कृत्यं मोजायची तर ‘क्रुएल्टीज’. तिसरा अर्थ नशिबाच्या अन्यायाचा, ‘द क्रुएल्टीज ऑफ लाइफ’सारखा, तो बहुतेकांच्या गावीही नसतो. उच्चार ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही ऐकता येतात. जोर ‘क्रू’वर, ‘एल’वर नाही.

उणीव जवळच्या शब्दांत फरक करताना जाणवते. पोलिसांच्या अमानुष मारहाणीला इंग्रजीत ‘पोलीस ब्रुटॅलिटी’ म्हणतात, ‘पोलीस क्रुएल्टी’ नाही. ‘ब्रुटॅलिटी’त शारीरिक हिंसा गृहीत असते, ‘क्रुएल्टी’ नुसत्या शब्दांनीही होते. हे उमगायला दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. घटस्फोटाच्या कागदपत्रांतल्या ‘क्रुएल्टी’साठी तर मेरियम-वेबस्टर हा अमेरिकी कोशच बघा. वैवाहिक छळाचा कायदेशीर अर्थ, मानसिक छळासकट, तिथे स्वतंत्र दिलाय. अनुवादकांनी दोन्ही कोश हाताशी ठेवावेत, विद्यार्थ्यांना ऑक्सफर्ड पुरे.

सौंदर्यप्रसाधनांवरच्या ‘क्रुएल्टी-फ्री’चा अर्थ मात्र कोशापेक्षा थोडा जपून घ्यावा. प्राण्यांवर चाचणी केलेली नाही, एवढाच तो दावा. आत मधमाशांचं मेण किंवा लोकरीतलं लॅनोलिन असू शकतं. ते नको असेल तर ‘व्हीगन’ लिहिलंय का ते बघावं.