प्राथमिक आरोग्य केंद्र: डॉक्टर हजर, किल्ली गैरहजर

आमच्या वाडीपासून चार किलोमीटरवर असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा मी गेली सहा वर्षे नियमित रुग्ण आहे, त्यामुळे हा अभिप्राय एखाद्या भेटीवरून लिहिलेला नाही. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा लिहिल्या आहेत त्या कोणा एका व्यक्तीच्या नाहीत, आणि बदल्यांच्या मोसमात नावांना तसाही फारसा अर्थ उरत नाही. डॉक्टरांविषयी माझी तक्रार नाही. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात वैद्यकीय अधिकारी वेळेवर बसतात, नाडी हातात घेऊन तपासतात आणि म्हाताऱ्या माणसाचे बोलणे मध्येच तोडत नाहीत. मला लिहायचे आहे ते तपासणीच्या आधी आणि नंतर चालणाऱ्या कारभाराविषयी.

एका शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास माझ्या नातवाच्या पोटरीला कुत्र्याने दात लावले. ओरखडा होता, रक्त आले नव्हते. ड्युटीवरच्या सिस्टरने त्याला आधी नळाखाली उभे केले आणि साबण लावून घड्याळ पाहत पंधरा मिनिटे जखम धुतली. हे काम तिने इतक्या शांतपणे केले की रडणारा मुलगाही गप्प झाला. त्यानंतर लस देण्याची वेळ आली, तेव्हा लस औषधभांडाराच्या फ्रीजमध्ये असल्याचे, भांडाराला कुलूप असल्याचे आणि किल्ली औषध निर्माण अधिकाऱ्यांसोबत तालुक्याच्या गावी गेल्याचे समजले. ते सोमवारी येणार होते. बाहेरच्या फळ्यावर मात्र रेबीज प्रतिबंधक लस ‘उपलब्ध’ असल्याचे खडूने स्वच्छ लिहिलेले होते, आणि ते खोटेही नव्हते. आम्ही रिक्षा करून बावीस किलोमीटरवरच्या ग्रामीण रुग्णालयात गेलो आणि पहिला डोस तिथे घेतला.

लस संपली असती तर मी समजून घेतले असते. साठा आहे, टोचणारी सिस्टर आहे, रुग्ण दारात आहे आणि मध्ये फक्त एक कुलूप आहे, ही स्थिती समजून घेणे मला जड गेले.

पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी होते आणि ते आम्ही आमच्याच केंद्रात घेतले. सातव्या दिवशी थांबावे लागले तेव्हा लसीकरणाच्या खोलीतील आयएलआर, म्हणजे लहान मुलांच्या लसी ठेवण्याचे शीतकपाट, माझ्या अगदी समोर होते. त्याच्या झाकणावर तापमानाचा तक्ता चिकटवलेला होता आणि दोरीला पेन्सिल बांधलेली होती. दोन ते आठ अंशांच्या मर्यादेत रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी नोंद, शेजारी सही. मी सहज मागचे रविवार पाहिले. रविवारच्याही दोन्ही नोंदी होत्या, ज्या शनिवारी आम्ही परत गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशीच्यासुद्धा. म्हणजे त्याच इमारतीत, तिथून दहा पावलांवर, सुट्टीच्या दिवशीही कोणीतरी येऊन शीतकपाट उघडत होते. फरक एवढाच, की तापमानाचा तक्ता वरून येणारा प्रत्येक पर्यवेक्षक आधी पाहतो, आणि रात्रीच्या पाळीत भांडाराची किल्ली कोणाकडे असते हे आजवर कोणी विचारलेले नाही.

याच थांबण्यात एक चांगली गोष्टही दिसली. ही लस आता त्वचेत थोड्या मात्रेत दोन ठिकाणी देतात, त्यामुळे एका कुपीत अनेकांचे काम होते, पण उघडलेली कुपी काही तासांतच वापरावी लागते. सिस्टरने तारखा जुळणाऱ्या रुग्णांची नावे व मोबाइल क्रमांक एका शंभर पानी वहीत लिहून ठेवले होते आणि सर्वांना फोन करून एकाच वेळी बोलावले होते. अर्धा तास गेला खरा, पण कुपी वाया गेली नाही. ही वही कोणत्याही शासकीय नमुन्यातली नाही. ती तिने स्वतःच्या पैशाने आणली असावी, असा माझा अंदाज आहे.

दुसऱ्या डोसच्या वेळी ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर पाहून खिडकीवर बराच खल झाला. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येते, तर ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या. रुग्णाला दोन्ही ‘सरकारी दवाखाना’च वाटतात, पण साठा वेगळा, नोंदवही वेगळी, आणि मधल्या डोसपासून आलेला रुग्ण कोणाच्या रकान्यात धरायचा याचे उत्तर खिडकीवर नव्हते. अखेर नवा केसपेपर काढून त्यावर जुन्याचा क्रमांक लिहिला गेला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि केंद्रांत उपचार निःशुल्क असल्यामुळे त्याला पैसे पडले नाहीत. या निर्णयाने सुट्ट्या पैशांवरून होणारी खिडकीवरची रोजची हुज्जत बंद झाली, हा फायदा कोणी फारसा सांगत नाही.

औषधांच्या बाबतीत अनुभव मध्यम आहे. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्या मिळायला हव्यात, पण वर्षातून दोन-तीनदा दहा दिवसांच्याच हातावर ठेवल्या जातात किंवा बाहेरची चिठ्ठी मिळते. राज्यस्तरीय खरेदी आधी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती, नंतर २०२३ च्या कायद्याने ती स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेली, आणि तिथला उशीर आमच्या केंद्राच्या हातात नाही हे मान्य. तथापि आपल्याकडे दरमहा किती रुग्ण कोणती गोळी घेतात हे केंद्राला माहीत असते, कारण आम्ही तेच ते लोक असतो. शेवटचे पाकीट फुटल्यावर मागणीपत्र लिहिण्याऐवजी महिनाभर आधी लिहिणे स्थानिक पातळीवर नक्कीच शक्य आहे.

अशा अडचणीसाठी रुग्ण कल्याण समितीचा निधी असतो. बसण्याच्या पडवीचा पत्रा गळतो आणि पाण्याचे यंत्र बंद आहे म्हणून मी चौकशी केली, तेव्हा समितीची बैठक झालेली नाही असे उत्तर मिळाले. समितीचे अध्यक्षपद जिल्हा परिषद सदस्याकडे असते. राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक आले आणि निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. सदस्यच नाही म्हणून बैठक नाही, बैठक नाही म्हणून ठराव नाही, आणि खात्यात पैसे असून पत्रा गळतो आहे. पर्यायी व्यवस्था करून घेणे अवघड नव्हते, पण त्यासाठी वर पत्र पाठवून त्याचा पाठपुरावा कोणीतरी करायला हवा होता.

स्वच्छता बरी आहे. कायाकल्पचे, म्हणजे दवाखान्यांच्या स्वच्छतेसाठीच्या सरकारी योजनेचे, प्रमाणपत्र भिंतीवर आहे, कचऱ्याच्या रंगीत पेट्यांत ज्यात जे पडायला हवे तेच पडते, फक्त हात धुण्याचा साबण तपासणीच्या महिन्यानंतर हळूहळू दिसेनासा होतो.

किल्लीबाबत मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. अठ्ठाविसाव्या दिवशी गेलो तेव्हा प्रसूतिकक्षातील कपाटात दुसरी किल्ली मोहोरबंद पाकिटात ठेवलेली सिस्टरने आपणहून दाखवली. पाकिटावर तारीख आणि दोन सह्या होत्या. फळ्यावर ‘उपलब्ध’पुढे ‘२४ तास’ असे दोन शब्दही वाढले होते. मी पाचपैकी तीन तारे देत आहे, त्यांतला एक त्या शंभर पानी वहीसाठी आहे. नव्याने जाणाऱ्यांनी जुना केसपेपर सोबत न्यावा, आणि मंगळवारी लहान मुलांचे लसीकरण असल्याने गोळ्यांसाठी त्या दिवशी जाणे टाळावे.